तिसऱ्या खणातली एक्केचाळीस नाणी

मी, हेल्लिक लुर्डालेन, जन्म १९२७, राहणार कोंग्सबर्ग, बारा वर्षं चांदीच्या खाणीत कामगार आणि पुढे छत्तीस वर्षं शाळेच्या इमारतीची देखभाल करणारा माणूस, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं आहे कोण? ऐकू कमी येतं, डावा गुडघा केव्हाच संपावर गेलाय, पण डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्या उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत. १९९८ साली मी आणि माझी बायको गुनवोर यांनी मिळून एक कागद केला होता. ती २००३ साली गेली. तो कागद आजपासून रद्द समजावा.

यात घर आहे, थोडी शिल्लक आहे, अवजारं आहेत. पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: माझा नाण्यांचा संग्रह कुणाच्या हाती सोपवायचा. मला एकच अपत्य, मुलगी सोल्वी. ती दूर उत्तरेला ट्रोम्सोला असते. आईच्या अंत्यविधीनंतर आठ वर्षं झाली, तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. फोन येतो, वाढदिवसाला कार्ड येतं. ती येत नाही.

कलम १. घर आणि शिल्लक. घर सोल्वीचं. कायद्याने मोठा वाटा तिचाच आहे, आणि कायदा नसता तरी तिचाच असता. बँकेत जे आहे त्यातून माझं दफन साधेपणाने उरकावं, उरेल ते तिचं. पेटीवर फुलांचा डोंगर नको. घराबद्दल दोन सूचना: शेगडीची झडप अर्धीच उघडावी, पूर्ण उघडली की धूर आत येतो. हे तिला ठाऊक आहे, पण आठ वर्षांत माणूस विसरतो. आणि शेडमधली बर्चची लाकडं दोन हिवाळे पुरतील एवढी आहेत. मला एक पुरेल असं वाटतं.

कलम २. अवजारं आणि पहिले दोन खण. खाणीतला माझा कार्बाइडचा दिवा, हातोडा आणि खडकावर बसायला कमरेमागे बांधायची चामड्याची बैठक खाणीच्या म्युझियमला द्यावी. १९५७ साली खाण बंद झाली त्या दिवशी मी ही बैठक कमरेला बांधूनच घरी आलो होतो. ती परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.

नाण्यांचं कपाट मी स्वतः बर्चच्या लाकडाचं केलं. चार चपटे खण, आत हिरवं लोकरी कापड. पहिल्या खणात लोखंडाची आणि भोकाची नाणी, दुसऱ्यात तांब्याचे जुने स्किलिंग. हे दोन खण मी शाळेला देतो. अट एकच, ते काचेखाली ठेवू नयेत. पोरांनी हातात घ्यावेत. पहिल्या महायुद्धात तांबं मिळेना म्हणून आमच्या राज्याने लोखंडाची नाणी पाडली, आणि दुसऱ्या वेळी परकी फौज घरात बसलेली असताना पुन्हा लोखंड आलं. दोन्ही गंजतात. नाणं हातात घेऊन बोटाला गंज लागला की देश कसा आजारी पडतो ते पोरांना पुस्तकाशिवाय कळतं. छत्तीस वर्षं त्या शाळेचे दिवे, नळ आणि बॉयलर मी सांभाळले, शिकवायला मला कुणी सांगितलं नाही. आता मेल्यावर तेवढं शिकवून घेतो.

कलम ३. आईचं नाणं. माझ्या पाकिटात, पैशांच्या कप्प्यात नव्हे तर मागच्या चोरकप्प्यात, एक नाणं आहे. त्याला मागून डाख देऊन टाचणी जोडलेली आहे. १९४० साली जर्मन फौज आली आणि राजा लंडनला गेला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. लोक राजाच्या नावाची अक्षरं असलेली नाणी चकचकीत घासून कोटाच्या कॉलरला लावायला लागले. मग त्याला बंदी आली. माझी आई रोज सकाळी चुलीतली राख चिमटीत घेऊन ते नाणं घासायची आणि लावायची. एकदा चर्चच्या दाराशी एका पोलिसाने तिला अडवलं.

"बाई, ते काढा."

"काढते. पण साहेब, पाकिटात असलीच सात नाणी आहेत. तीही इथेच ओतू का?"

तो आजूबाजूच्या माणसांकडे बघून निघून गेला. ही गोष्ट मी आयुष्यात शंभर वेळा सांगितली असेल. सगळ्यात आधी सांगितली ती गुनवोरला, १९५४ साली, पहिल्यांदा तिच्याशी नाचलो तेव्हा. तिने ते नाणं हातात घेतलं, उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "किती जीव होता रे तिचा त्याच्यावर." हे नाणं माझ्या शेवटच्या कोटाच्या कॉलरला लावून मला पुरावं.

कलम ४. स्पेसीडालर. चौथ्या खणात एकच नाणं आहे. क्रोनर यायच्या आधी आमच्याकडे स्पेसीडालर हा मोठा पैसा होता, एकाचे एकशे वीस स्किलिंग. माझा १८३०च्या दशकातला आहे. एका बाजूला राजा कार्ल योहानचा मुखडा, आणि आडवे ठेवलेले दोन छोटे हातोडे, ही आमच्या गावच्या टाकसाळीची खूण. चांदी आमच्या डोंगरातली. म्हणजे माझ्या पणजोबाच्या पिढीने ती खणली असणार. वरच्या दरीतल्या एका शेतघराची जमीन उखडताना उंबऱ्याखाली तो सापडला. १९५९ साली मी मोटारसायकल विकून तो घेतला. गुनवोर मागच्या सीटवर बसून गाणी म्हणायची, ती गाडी. मी विचारलं, "विकू का?" ती म्हणाली, "विक की. चालायला पाय आहेत." पुढची चार वर्षं आम्ही चाललो.

त्याच्यावर शंभर वर्षांहून जास्त काळाची निळसर काळी झाक आहे, राजाच्या कानामागे जरा जांभळी. असा दुसरा मी पाहिला नाही. तो लिलावात विकावा आणि येईल ते सोल्वीला द्यावं. तिला नाणं नको असणार. पैसे घेईल.

कलम ५. तिसरा खण. यात चांदीची एक्केचाळीस नाणी आहेत: १८७५ नंतरचे क्रोनर, १९०६चं स्वीडनशी फारकत घेतल्यावरचं, १९१४चं राज्यघटनेच्या शंभरीचं, ज्यावर नॉर्वेमाता उभी आहे. वीस वर्षं जमवत होतो. ती आता कवडीमोलाची आहेत, आणि का ते लिहायला हवं.

आमच्याकडे नाताळच्या आधी घरोघरी चांदी घासतात. चमचे, मेणबत्त्यांची घरं, सणाच्या पोशाखावरची पदकं. १९७१च्या डिसेंबरात, तेवीस तारखेला, मी शाळेचा बॉयलर बघून दुपारी घरी आलो. टेबलावर पांढरा कपडा, मध्ये मेणबत्त्या, आणि त्यांच्याभोवती माझी एक्केचाळीस नाणी आरशासारखी लखलखत मांडलेली. गुनवोरची बोटं पॉलिशने काळी झाली होती. ती हसत होती.

"बघ ना, कशी दिसतायत!"

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. जुन्या नाण्यावर काळाची जी झाक चढते तिच्यातच त्याचा जीव असतो. घासलं की झाक जाते, राजाचे केस बोथट होतात, आणि ते पुन्हा कुठल्याही उपायाने आणता येत नाही.

मी ओरडलो. "वीस वर्षं जमवलं मी! आणि तू एका दुपारी भांड्यांसारखं घासून ठेवलंस?"

सोल्वी तिला चिकटून बसली होती. गुनवोरने एका हाताने पॉलिशच्या डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ताटातल्या डुकराच्या बरगड्या आम्ही तिघांनी गप्प बसून खाल्ल्या. ईस्टर येईपर्यंत मी तिच्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' यांपलीकडे बोललो नाही. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. पुढची बत्तीस वर्षं तिला एकही नाणं दाखवलं नाही. तिनेही मागितलं नाही. स्पेसीडालर वाचला, कारण तो आठवडाभर ओडवारकडे होता, त्याच्या नाण्याशी ताडून बघायला.

हा ओडवार ग्रेतेरूड, आमच्या नाणेमंडळाचा चिटणीस, नाताळनंतर स्पेसीडालर परत द्यायला आला. तिसरा खण बघितला, एक नाणं नाकाशी धरलं आणि म्हणाला, "पॉलिश! आता याचे चमचे कर, हेल्लिक." गुनवोर शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. दार उघडं होतं. आणि मी हसलो.

या खणातली नाणी ऑस्लोच्या व्यापाऱ्याला वजनावर द्यावीत. त्याने विचारून ठेवलंय. मी आता दमलो. रोज तो खण उघडून बघायचं बळ राहिलं नाही, आणि न बघता राहायचंही.

कलम ६. ओडवार. चाळीस वर्षं त्याचा डोळा माझ्या स्पेसीडालरवर आहे. दर नाताळला विचारतो, "अजून जिवंत आहेस? आणि तो?" त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, आणि त्याची व्यवस्था मी पक्की केली आहे: त्याला साक्षीदार नेमलंय. आमच्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून कणभरही घेता येत नाही. दुसरी साक्षीदार शेजारची तुरीड मोएने, जी रविवारी वॅफल आणून देते आणि मी संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहते. तिलाही म्हणून काही देता येत नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुझं काय घ्यायचंय मला? ताट धुऊन परत कर, तेवढं पुरे."

मंडळाची कॉफीची किटली माझ्याकडे आहे, ती मंडळाची आहे, परत करावी. आम्ही सहा जण उरलो आहोत. दुकानात आता पोरं नाणं हातात घेतच नाहीत, कार्ड दाखवतात. मंडळ आमच्याबरोबर संपेल. त्याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही, आणि वाईट वाटत नाही याचंच थोडं वाटतं.

इथपर्यंत मी मंगळवारी लिहिलं. सही करायची राहिली होती.

कलम ७. दुरुस्ती. बुधवारी सकाळी सोल्वीला फोन केला. आपल्यामागे मुलीला धक्का नको, म्हणून विचारून घ्यावं म्हटलं. झालेलं बोलणं आठवतं तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही. मृत्युपत्र लिहितोय."

"म्हणजे पडायची तयारी." जीभ अगदी आईची.

"नाणी तुला हवी आहेत का, एवढंच विचारायचं होतं."

"नकोत."

"बरं. स्पेसीडालर विकून पैसे तुला. तिसरा खण वजनावर देतोय."

 

"बाबा, त्यातली माझी कुठली आणि आईची कुठली, हे तरी तुम्हाला ओळखता येतं का?"

"तुझी म्हणजे?"

"मी घासलेली. वीस मी घासली, एकवीस आईने. आणि डोक्यातून निघालं माझ्याच. दहा वर्षांची होते. माझा दात पडला की मी तो पाण्याच्या ग्लासात ठेवायचे आणि रात्री तुम्ही त्यात नाणं टाकायचात ना? नेहमी कोरं, चकचकीत. मी आईला विचारलं, मला चांगली देतात आणि बाबांची स्वतःचीच अशी काळी का? तर ती म्हणाली, खरंच गं. आजी राजाचं नाणं रोज घासायची, आणि तुझ्या बाबांना शाळेच्या बॉयलरपुढे वेळच मिळत नाही. चल, आपण करू."

"तिने मला हे कधी सांगितलं नाही."

"तुम्ही ओरडत होतात तेव्हा तिने टेबलाखाली माझं मनगट धरलं होतं. मी तोंड उघडलं की दाबायची. नंतर तुम्ही कुलूप लावलंत. कुलपाला काय सांगायचं?" मग ती म्हणाली, "आणि तिला पोचवून आल्यावर कॉफी पिताना तुम्ही तीच गोष्ट लोकांना सांगितलीत. बायकोने नाणी घासली म्हणून. सगळे हसले, बाबा."

तेही खरं आहे. मी सांगितली होती. सोल्वीने कप खाली ठेवून कोट घातला, ते मी बघितलं होतं. मला वाटलं, तिला विमानाची घाई असेल.

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडलं. चाळीस वर्षं मी त्या खणात नासधूस बघत होतो. या वेळी नीट बघितलं. काही नाण्यांच्या कडेच्या खाचांत पॉलिशचा पांढरा थर तसाच राहिलाय, तो पुसून काढायचा जोर लहान बोटांत नव्हता. ती मोजली. वीस भरली.

मी स्वतःच तिला आईची गोष्ट सांगितली. स्वतःच पोरीच्या ग्लासात चकचकीत नाणी टाकली. त्या दोघी माझ्याकडूनच जे शिकल्या ते त्यांनी केलं, आणि मी त्यांना कुलूप दाखवलं. गुनवोरला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, पण मग पोरीचं नाव घ्यावं लागलं असतं. ते तिने बत्तीस वर्षं घेतलं नाही.

म्हणून:

कलम ५ रद्द. तिसरा खण वजनावर जाणार नाही. तो कपाटासकट सोल्वीला. कपाटाचं कुलूप मी पेचकसाने काढून टाकलंय.

कलम ३ बदललं. आईचं नाणं माझ्याबरोबर मातीत नको. तेही सोल्वीला, तिच्या कोटाला.

कलम ४ रद्द, कारण त्यात वर्णन केलेलं नाणं आता अस्तित्वात नाही. आज शुक्रवारी ओडवार आणि तुरीड साक्षीला आले. मी बेसिनखालून गुनवोरचा पॉलिशचा डबा काढला. वरचा थर दगडासारखा झाला होता, खाली ओलावा होता. तिचं फडकं घेतलं. चौथा खण उघडून स्पेसीडालर टेबलावर ठेवला.

ओडवारला आधी वाटलं, मी त्याला शेवटचा दाखवतोय. मग त्याने डबा बघितला.

"हेल्लिक, नको. अरे, नको! मी विकत घेतो. आत्ता घेतो, बोल!"

"साक्षीदाराला घेता येत नाही."

"मग मी साक्षीदार नाही!"

"ओडवार, बस खाली," तुरीड म्हणाली. "त्याचं नाणं आहे. त्याला काय करायचंय ते करू दे."

"बाई, तुम्हाला कळत नाही हा काय करतोय ते! आता हा शुद्धीवर आहे असं मी कसं लिहून देऊ?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा आलाय शुद्धीवर," तुरीड म्हणाली, आणि कॉफी ओतली.

मी घासलं. वेळ लागला, बोटं आता वळत नाहीत. आधी जांभळं गेलं, मग निळं, मग काळं. फडकं काळं झालं आणि राजा आरशासारखा वर आला, गुळगुळीत, थोडा बावळट. ओडवार खिडकीकडे तोंड करून उभा होता. तुरीड मला म्हणाली, "हे कागदावर लिहून मेल्यावर कळवण्यापेक्षा तोंडाने सांग तिला." मी म्हटलं, तोंडाने सांगायचं तेवढं राहत गेलं, म्हणून तर कागद.

ते नाणं मी तिसऱ्या खणात ठेवलं आहे. दोघींनी मिळून एक्केचाळीस घासली. बेचाळिसावं माझं. ते घ्यायला सोल्वी येईल की नाही हे मला लिहिता येत नाही. मृत्युपत्रात फक्त देता येतं.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि मला ते मान्य आहे.

हेल्लिक लुर्डालेन
कोंग्सबर्ग, शुक्रवार, २५ नोव्हेंबर २०११

साक्षीदारांचं निवेदन

आम्ही दोघं एकाच वेळी हजर असताना श्री. हेल्लिक लुर्डालेन यांनी, हे आपलं मृत्युपत्र आहे असं सांगून, आमच्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. सही होताच मी ट्रोम्सोचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आहे. ते शेजारच्या खोलीत बोलत आहेत. दार उघडं आहे आणि आम्हा दोघांना ते इथून दिसत आहेत, म्हणजे आमच्या सह्या त्यांच्या समक्षच होत आहेत आणि कायद्याचीही अडचण नसावी.

तुरीड मोएने, शेजारीण

मला हे पटलेलं नाही. असा स्पेसीडालर पुन्हा होणार नाही. पण माणूस शुद्धीवर होता. चमच्यांबद्दल मी जे बोललो होतो ते मागे घेतो, आणि हे ज्यांना सांगायला हवं होतं त्या आता नाहीत, म्हणून इथे लिहितो.

ओडवार ग्रेतेरूड, चिटणीस, नाणेमंडळ